इंग्रजी क्रियापदांचे काळ

क्रिया केव्हा घडते आणि बोलणाऱ्याच्या दृष्टीने ती चालू आहे की पुरी झाली आहे, हे दाखवणारी इंग्रजी क्रियापदाची रूपव्यवस्था. शाळेत ती बारा काळांच्या तक्त्यातून शिकवतात: वर्तमान, भूत, भविष्य आणि त्या प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण व चालू पूर्ण हे प्रकार. तक्ता पाठांतराला सोयीचा आहे, पण त्याने भाषेच्या घडणीबद्दल गैरसमज होतो.

प्रत्यय लागून किंवा आतला स्वर बदलून इंग्रजी क्रियापद दोनच काळ दाखवते: वॉक–वॉक्ड, सिंग–सँग. भविष्यकाळासाठी स्वतंत्र रूप नाही. जुन्या इंग्रजीतही नव्हते. ‘विल’ मूळचे इच्छादर्शक आणि ‘शॅल’ बंधनदर्शक क्रियापद. पुढे दोन्ही सहायक झाली. जॉन वॉलिसने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात प्रथमपुरुषी ‘शॅल’ आणि द्वितीय-तृतीयपुरुषी ‘विल’ असा नियम दिला. बोलीने तो कधीच नीट पाळला नाही, तरी शाळांनी पिढ्यानपिढ्या घोकून घेतला. इंग्रजीला भविष्यकाळच नाही, असे रॉडनी हडलस्टन व जेफ्री पुलम यांचे २००२ मधील बृहद्व्याकरण मानते. उद्याच्या गाडीबद्दल ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो’ असे साध्या वर्तमानात सर्रास बोलतात. यात मराठी माणसाला नवल वाटू नये. आपण तर घरातून निघण्याआधीच ‘आलोच’ म्हणतो.

‘चालू’ आणि ‘पूर्ण’ हे भेद काळाचे नसून क्रियाव्याप्तीचे आहेत. त्यांतला पूर्ण वर्तमान मराठी विद्यार्थ्याला सर्वांत जास्त चकवतो. ‘मी काल पत्र पाठवले आहे’ हे निर्दोष मराठी; पण ‘आय हॅव सेंट द लेटर येस्टरडे’ चुकीचे. तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाख याने १९४७ मध्ये केलेल्या मांडणीतून याचे कारण कळते. त्याने बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि घटनेकडे जिथून पाहायचे तो संदर्भक्षण असे तीन बिंदू मानले. पूर्ण वर्तमानात घटना मागची असते, मात्र संदर्भक्षण ‘आत्ता’चाच असतो, म्हणून ‘येस्टरडे’ तिथे बसत नाही. ‘येस्टरडे’ ठेवायचे तर साधा भूतकाळ हवा: ‘आय सेंट’. ‘ऑलरेडी’, ‘येट’ यांच्यासोबत मात्र अमेरिकन बोलण्यात साधा भूतकाळही चालतो. ब्रिटिश वळणाला तिथे पूर्ण वर्तमान अधिक मानवतो.

‘मी इथे पाच वर्षे राहतो आहे’ याचे ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे भाषांतर मराठी भाषकाकडून हमखास होते. तिथे ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ हवे. ‘सिन्स’ आरंभबिंदूसाठी, जसे ‘सिन्स २०१९’.

भूतकाळाचे रूप नेहमी गतकाळच सांगते असेही नाही. ‘इफ आय हॅड मनी’ यात आज हाती नसलेल्या पैशाची कल्पना आहे, तर ‘आय वाँटेड टु आस्क यू’ म्हणणारा आत्ताच विचारतो आहे, फक्त अदबीने.