स्वस्त भाजीचे वैरी : आटपाडी ते ग्राहक पंचायत

१/१०
आठवड्याच्या बाजारात घरचे चार पैसे वाचतात, तेव्हा ते नेमके कोणाच्या खिशातून वाचतात? १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटातील संघर्ष याच प्रश्नातून पेटतो. त्या कथेचे बीज सांगली जिल्ह्यातील आटपाडीच्या मातीतले आहे.

२/१०
आटपाडी हे माणदेशातील, पर्जन्यछायेतील गाव. स्वातंत्र्यापूर्वी ते औंध संस्थानात होते. कोरडवाहू मुलखात पैसा सुगीला येतो, मीठ-मिरची मात्र दर आठवड्याला लागते. मधले महिने निभावतात ते वाण्याच्या वहीवर. आणि वहीवर माल नेणाऱ्याला भावावर घासाघीस करता येत नाही. तो हक्क रोख पैशाचा.

३/१०
आठवडी बाजाराचे मोल इथे कळते. एकाच मालाचे अनेक विक्रेते शेजारी-शेजारी बसतात. भाव लपत नाही. दिवस कलला की नाशिवंत भाजीचा दर उतरतो, कारण ती परत नेणे विक्रेत्याला परवडत नाही. गृहिणीची बचत या दोन गोष्टींवर उभी असते. पण दुसरी बचत शेतकऱ्याच्या अडचणीतून येते, हेही विसरता येत नाही.

४/१०
१९३९ मध्ये औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानात प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्याच काळात पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. भिंती नाहीत, कुटुंब सोबत, आणि कष्टाने शेती पिकवून जगायचे.

५/१०
या प्रयोगावरून गदिमांनी कथा रचली. ग. दि. माडगूळकर स्वतः आटपाडी तालुक्यातील शेटफळ्याचे. व्ही. शांतारामांच्या चित्रपटात सहा कैदी भाजी पिकवतात आणि बाजारात प्रामाणिक, कमी दराने विकतात. बाजार मुठीत ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला ते खुपते. कैद्यांना मार बसतो आणि अखेर जेलरचा बळी जातो. वैराचे निमित्त एवढेच, की भाजी स्वस्त झाली.

६/१०
अर्थात प्रत्येक मध्यस्थ खलनायक नसतो. शेत ते स्वयंपाकघर या वाटेत अडत, हमाली, तोलाई, वाहतूक आणि नासाडी यांचा खर्च असतो. उधारी बुडण्याचा धोकाही वाणीच पत्करतो. बाधते ती मक्तेदारी. भाव एकाच्याच हाती राहिला, की पिकवणारा आणि खाणारा दोघेही नाडले जातात.

७/१०
इंग्लंडमधील रॉचडेलच्या कामगारांनी यावर १८४४ मध्ये उपाय काढला. २८ जणांनी भांडवल जमवून दुकान थाटले. सुरुवातीचा माल पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या इतकाच. माल भेसळविरहित, व्यवहार रोखीचा, आणि उरलेला नफा ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत. वाण्याच्या वहीला दिलेले ते उत्तर होते.

८/१०
मुंबईत १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत ‘अपना बाजार’ची सहकारी चळवळ सुरू झाली. पुढे १९७२च्या दुष्काळानंतर महागाई भडकली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया हाती लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. घरखर्चाचा हिशेब हा राजकारणाचा विषय आहे, हे त्या मोर्चांनी दाखवून दिले.

९/१०
१९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. बिंदुमाधव जोशी यांच्याबरोबर या कार्यात होते सुधीर फडके, गदिमांच्या ‘गीतरामायणा’चे संगीतकार. पद्धत साधी होती. शेजारची कुटुंबे गट करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, संस्था घाऊक खरेदी करते, आणि आलेला माल गटातील लोक आपसात वाटून घेतात. दुकानाचे भाडे नाही, जाहिरात नाही. यादी आधी ठरल्यामुळे अनावश्यक खरेदीही टळते.

१०/१०
२०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मुक्त केला आणि शेतकऱ्याला थेट विक्रीची वाट अधिक मोकळी झाली. पाटीवाल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घातली, तर ते दोन रुपये तिच्या घामातून येतात. चार घरांनी मिळून शेतकऱ्याकडून पोतेभर माल घेतला, तर वाचलेला पैसा साखळीतून सुटतो आणि त्यात पिकवणाऱ्याचाही वाटा राहू शकतो. स्वतंत्रपूरच्या कथेतील कैद्यांनी बाजारात मांडला होता तो हाच हिशेब.