कॅमेरा कधी घ्यावा? २००३ ला विचारा

मित्रांत हा प्रश्न निघाला की मी सरळ २००३ सालात शिरतो.

तोवर डिजिटल एसएलआर म्हणजे प्रेस फोटोग्राफर नि स्टुडिओवाल्यांचं काम. त्या फेब्रुवारीत कॅननने १०डी जाहीर केला, बॉडी १४९९ डॉलर. तोसुद्धा तेव्हा स्वस्त वाटला होता! आणि ऑगस्टमध्ये आला ३००डी. नुसती बॉडी ८९९, लेन्ससकट ९९९. सेन्सर १०डीसारखाच, ६.३ मेगापिक्सेलचा. अंग मात्र प्लास्टिकचं, आणि काही फीचर्स फर्मवेअरमध्ये कुलूपबंद. (ते कुलूप लोकांनी फोडलंच. प्रोग्रामर स्वस्थ बसतात होय?)

म्हणजे सहा महिने कळ काढली असती तर ६०० डॉलर वाचले असते. पुढे २००४ मध्ये निकॉनचा डी७० आला, २००५ मध्ये ८ मेगापिक्सेलचा ३५०डी, आणि ३००डी पण शिळा झाला. लेन्सचं तसं नाही. कॅननचा ईएफ माउंट १९८७ चा. त्या वर्षीची लेन्स ३००डीवर बिनतक्रार बसते. म्हणून माझं मत, नवं मॉडेल जाहीर होऊ द्या, मग मागचं घ्या, उरलेले पैसे लेन्सवर घाला.

कुठे घ्यायचा म्हणाल, तर मुंबईकरांना फोर्टातला बोरा बाजार आहेच. फक्त पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी मागून घ्या, ग्रे मार्केटचा माल उगाच स्वस्त नसतो. कुणी न्यूयॉर्कला ऑनसाइट असेल तर नाइन्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या बी अँड एचमध्ये पिटाळा. शनिवारी नको पण, बंद असतं.