फासा, बाण आणि धीर

कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा पहिला अंक शिकवण्याची वेळ आली की आमच्या वर्गात एक ठरलेली शांतता पसरते. चाकणच्या कारखान्यांत पाळी करून आलेली, अर्धवट झोपेतली मुले दुष्यंताचा रथ हरणामागे धावू लागला की सावरून बसतात. गतवर्षी एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, एवढ्या वेगात राजाचा हात थरथरत कसा नाही?” प्रश्न साधा होता, उत्तर मात्र आम्हांला त्या तासात देता आले नाही. त्याचा शोध घेता घेता आम्ही नाटकातून इतिहासात आणि इतिहासातून पुन्हा आमच्याच चिंचवडात येऊन पोहोचलो. तो प्रवास येथे मांडत आहोत.

हात थरथरतो, ही गोष्ट खरीच आहे. पाश्चात्त्य शिकाऱ्यांच्या बोलीत या अवस्थेला ‘बक फीव्हर’ असे नावच आहे. नवखा शिकारी तासन्‌तास दबा धरून बसतो आणि हरीण प्रत्यक्ष टप्प्यात येताच त्याची छाती धडधडू लागते, बोटे ऐकेनाशी होतात, नेम चुकतो. अॅड्रिनलिनच्या झोताने शरीर पळण्यास वा झुंजण्यास सिद्ध होते. मात्र बोटाच्या हलक्या, नेमक्या हालचालीला तीच सिद्धता मारक ठरते. जुने शिकारी यावर उपाय सांगतात तोही शरीराचाच : श्वास सावकाश सोडावा, क्षणभर थांबावे आणि मगच खटका ओढावा.

आपल्याकडच्या शास्त्रकारांनी या गोष्टीचा विचार केला नव्हता असे नाही. मनूने मृगयेची गणना राजाच्या कामज व्यसनांत केली आहे. कौटिल्य मात्र व्यसनांची तुलना करताना मृगयेचे गुणही नोंदवतो : व्यायाम घडतो, मेद झडतो, स्थिर व चल लक्ष्यावर नेम बसतो आणि भ्यालेल्या वा चवताळलेल्या प्राण्याचे चित्त ओळखता येते. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकातला सेनापती जवळजवळ हीच यादी राजापुढे वाचतो आणि दमलेला विदूषक त्यावर वैतागतो. थोडक्यात, हरणाची शिकार ही युद्धाची शाळा आहे आणि त्या शाळेचा मुख्य विषय धीर आहे, असा हा युक्तिवाद आहे.

मोगलांनी ही शाळा फार मोठ्या प्रमाणावर चालवली. ‘कमरगाह’ म्हणजे हाकाऱ्यांचे प्रचंड कडे करून, ते दिवसेंदिवस आवळत नेऊन, मध्ये कोंडलेली हरणे मारणे. अकबराने १५६७ साली लाहोरजवळ अशी शिकार केली. कडे कोठे फुटू न देणे, घाई न करणे, हुकमाची वाट पाहणे ही तर वेढ्याचीच तालीम होती.

आणि वेढा म्हटला की आम्हां या पट्ट्यातल्या माणसांना चाकण आठवणे क्रमप्राप्तच आहे. २१ जून १६६० रोजी शायिस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाभोवती असेच कडे आवळले. किल्ला भुईकोट, डोंगराचा आधार नाही, भोवती सपाट माळ. आत फिरंगोजी नरसाळा आणि मोजकी शिबंदी. ऐन पावसाळ्यात सुमारे पंचावन्न दिवस हा माणूस लढत राहिला. १४ ऑगस्टला सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हाही खिंडारात उभे राहून त्याने तो दिवस निभावला आणि दुसऱ्या दिवशी, बाहेरून मदत येण्याची आशा उरली नाही तेव्हा, शिबंदीचे प्राण वाचवून किल्ला सोडला. मोगलांनी देऊ केलेली चाकरी नाकारून तो शिवाजी महाराजांकडे परतला.

येथे शास्त्रकारांचा युक्तिवाद आम्हांला अपुरा वाटू लागतो. शिकारीची तालीम झाली होती ती कडे करणाऱ्यांची. धीराची खरी कसोटी लागली ती कड्याच्या आत कोंडलेल्याची. शिकारी धीर धरतो तेव्हा त्याचे जाते काय? फार तर एक हरीण आणि थोडा अभिमान. ज्याचे सर्वस्व पणाला लागले आहे त्याच्या धीराचे मोल वेगळे असते. हे एकदा ध्यानात आले की हरणाच्या शिकारीच्या इतिहासात राजांखेरीज आणखी एक माणूस दिसू लागतो. तो म्हणजे पारधी.

फासेपारध्याच्या हाती ना बंदूक, ना घोडा. हरणांची वाट हेरायची, त्या वाटेवर खुंट्यांना बांधलेले चिवट फासे ओळीने मांडायचे आणि मग दुरून, वाऱ्याचा अंदाज घेत, कळपाला त्या दिशेने हलवायचे. हाकायचे नाही, हलवायचे. कळप बुजला तर दिवस वाया आणि दिवस वाया म्हणजे पालावर चूल नाही. गायपारधी तर शिकवलेल्या गाईच्या आडोशाने, ती चरत चरत जाईल त्याच गतीने, हरणांपर्यंत पोहोचत. पोटात भूक असताना गाईच्या चालीने चालणे यापरता कठीण धीर आम्हांला तरी ठाऊक नाही.

राजेलोकांच्या शिकारीतही असा धीर पुष्कळदा नोकरांचाच असे. कोल्हापुरात काळविटांची शिकार चित्त्यांकडून होई. हरणे बैलगाडीला बुजत नाहीत म्हणून डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीवरून कळपाजवळ नेत. टोपी केव्हा काढायची हा सारा निर्णय क्षणाचा. चित्त्याची धाव काही शे मीटरांची; टोपी लवकर निघाली तर तो थकतो, उशिरा निघाली तर कळप उधळतो. चित्तेवानाचा हात तेथे थरथरून चालत नसे.

या कोल्हापूरच्याच राजर्षी शाहू महाराजांमुळे आमच्या कथेला निराळे वळण मिळते. १८७१ साली इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढवली. पारध्यांवरही हा शिक्का बसला. ज्या गुणांवर ते जगत, म्हणजे आवाज न करता चालणे, तासन्‌तास दबून राहणे, माग काढणे, तेच गुण चोराची लक्षणे ठरले. शाहू महाराज स्वतः शिकारी होते. चित्त्यांच्या शिकारीचा त्यांचा शौक प्रसिद्ध आहे. या गुणांचे मोल त्यांना माळावरच कळले असावे, असा आमचा तर्क आहे. त्यांनी फासेपारध्यांना सोनतळीच्या परिसरात आसरा दिला, पहाऱ्याच्या कामावर नेमले आणि १९१८ साली आपल्या संस्थानात गुन्हेगार मानलेल्या जातींची रोजची हजेरी बंद केली. ज्याला चोर म्हटले जाई त्यालाच राखणदार करणे, हा महाराजांचा नेम अचूक होता.

स्वतंत्र भारताने तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. संशय मात्र रद्द झाला नाही. त्याच १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. काळवीटही बंदुका आणि जीपगाड्यांपुढे विरळ होत गेले. ज्या साधनांना धीराची गरजच उरली नव्हती त्यांनी कळप संपवले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आली. ती आवश्यकच होती. नगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीला आज काळवीट दिसते ते अशा संरक्षणामुळेच. पण या बंदीबरोबर पारध्याची उरलीसुरली विद्याही गुन्हा ठरली आणि त्या बदल्यात त्याच्या हाती काय द्यायचे याचा विचार फार थोड्यांनी केला.

त्या थोड्यांपैकी एक ठिकाण आमच्या शेजारीच, चिंचवडगावात आहे. गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलम्‌मध्ये पारधी व इतर भटक्या-विमुक्त समाजांची मुले शिकतात. प्रभुण्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आम्ही मात्र चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या सिग्नलपाशी फुगे विकणारी मुले पाहतो, गाडीची काच वर करतो आणि पुढे जातो. ती मुले कोणाची, हे विचारण्याइतकाही धीर आम्ही कधी दाखवलेला नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. दुष्यंताचा हात थरथरला नाही याचे कौतुक आम्हांला आता फारसे उरलेले नाही. कौतुक आहे ते पुढच्या क्षणाचे. बाण धनुष्याला जोडलेला, हरीण टप्प्यात आणि आश्रमातला तापस हात उंचावून सांगतो की हे आश्रमाचे हरीण आहे, मारू नये. राजा बाण परत घेतो. अकबरानेही १५७८ साली भेऱ्याजवळ मांडलेली कमरगाह एकाएकी थांबवून कोंडलेली जनावरे सोडून दिली होती. नेम धरण्यासाठी लागणारा धीर सरावाने येतो. ताणलेली दोरी सैल करण्यासाठी लागणारा धीर समोरच्याला पाहिल्याखेरीज येत नाही. पारध्याला ‘गुन्हेगार’ ठरवणारा बाण समाजाने अजून पूर्णपणे परत घेतलेला नाही.

यंदा पहिला अंक शिकवू तेव्हा हे उत्तर वर्गात सांगणार आहोत.