कीर्तनकाराचं क्वालिफिकेशन

आपल्या धंद्यात माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत त्याचं क्वालिफिकेशन कळतं. इंजिनिअरिंग कुठून केलं, सर्टिफिकेशन्स कुठली, एक्स्पीरियन्स किती वर्षांचा. आता हाच प्रश्न जरा वेगळ्या माणसाला लावून बघा. गावच्या सप्ताहात हजार-दोन हजार लोकांपुढे उभं राहून, पोरगं गेलेल्या आईनं मन कसं आवरावं, कर्जात बुडालेल्यानं उद्याचा दिवस कसा काढावा, हे सांगणाऱ्या बुवांचं क्वालिफिकेशन काय? हे सांगायचा अधिकार त्यांना कोणी दिला?

"घराण्यात चालत आलेलं असतं" हे एक उत्तर. "आवाज चांगला असला की झालं" हे दुसरं. यूट्यूबच्या कृपेनं आता तिसरंही आहे, त्याबद्दल न बोललेलं बरं :) पण याशिवाय एक चौथं उत्तर आहे आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे. आळंदीत राहून चार वर्षं शिकायचं, मग गावोगाव जायचं. चक्क कोर्स!

हा विषय डोक्यात घोळायला लागला तो अंतरवाली सराटीमुळे. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं हे गाव २०२३ पर्यंत तुम्हाआम्हाला माहीतही नव्हतं. त्या वर्षी २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील यांचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण तिथे सुरू झालं, १ सप्टेंबरला पोलिसांनी लाठीमार केला, आणि गावाचं नाव घरोघरी पोचलं. आरक्षण बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. माझ्या मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. पुढच्या महिन्यांत मराठवाड्यातून तरुणांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत राहिल्या, आणि जरांगे यांना माइकवरून पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, की कोणीही जीव देऊ नका. समोर अफाट गर्दी, आणि जो ऐकायला हवा तो कुठेतरी एकटाच घरी बसलेला.

माइकवरचा माणूस आणि तो एकटा, या दोघांमधलं अंतर कोण भरून काढतं? त्यासाठी माणसं तयार करायची आपल्याकडे काही पद्धत होती का? होती. तीच थोडी मागून बघूया.

सुरुवात याच भागातून करता येते. अंबडला लागून घनसावंगी तालुका आहे, त्यातल्या जांब गावी १६०८ मध्ये नारायण सूर्याजी ठोसर जन्मले. हेच समर्थ रामदास. पुढे नाशिकजवळ टाकळीला तप, मग देशभर भ्रमण, मग चाफळ, शेवटी सज्जनगड. हे सगळं शाळेत वाचलेलं असतं. शाळेत कोणी सांगत नाही ते हे, की रामदासांनी एक प्रकारची ट्रेनिंग सिस्टिम उभी केली होती. जागोजागी मठ स्थापायचे, प्रत्येक मठावर तयार केलेला महंत नेमायचा, आणि त्यानं लोकांत मिसळून काम करायचं.

दासबोधात वीस दशक आणि दोनशे समास आहेत. त्यांत महंतलक्षण आणि कीर्तनलक्षण नावाचे स्वतंत्र समास आहेत. भक्तिभाव बाजूला ठेवून ते वाचले तर एखाद्या पोस्टसाठीचं जॉब डिस्क्रिप्शन वाचल्यासारखं वाटतं! मिरजेचा मठ तर त्यांनी वेणाबाईंकडे सोपवला होता. सतराव्या शतकात एक बालविधवा मठ चालवते आणि कीर्तन करते, ही केवढी मोठी गोष्ट आहे याचा जरा विचार करा.

पण सगळ्या सिस्टिम्सचं होतं तेच इथेही झालं. समर्थ होते तोवर निवड त्यांची. त्यांच्या मागे संस्थानाचा अधिकार त्यांच्या थोरल्या भावाच्या वंशाकडे गेला. गुण बघून दिलेली जागा वारसाहक्कात बसली.

वारकऱ्यांकडे चित्र थोडं वेगळं होतं, पण अडचण त्याच जातीची. इथे फड असतात. फडाचे प्रमुख असतात, बहुतेक घराण्यातून चालत आलेले. कीर्तन शिकायचं म्हणजे एखाद्या महाराजांच्या मागे टाळ घेऊन वर्षानुवर्षं उभं राहायचं आणि ऐकून ऐकून उचलायचं. ही पद्धत वाईट मुळीच नाही, आपणही निम्मं काम सीनिअरच्या शेजारी बसूनच शिकतो. पण मराठवाड्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या पोराला, ज्याची ना कुठल्या फडाशी ओळख ना घरात ग्रंथ, त्यानं शिकायचं कुठे?

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचं नवं उत्तर आलं, तेही भलतीकडून. १८७८ मध्ये अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) धर्मोपदेशकांचं विद्यालय काढलं. ठरावीक वर्षं, ठरावीक पुस्तकं, आणि मग खेड्यापाड्यांत पाठवणी. रेव्हरंड नारायण वामन टिळक तिथे शिकवत असत. गंमत अशी, की या लोकांनी आपला माल पोचवायला आपलंच कीर्तन उचललं. ख्रिस्ती कीर्तनं नगर भागात चांगलीच रंगायची. त्याच सुमारास पुण्यात १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल, १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज निघालं. शिक्षण म्हणजे संस्था, ही कल्पना हवेतच होती.

आता मुख्य माणूस. विष्णुबुवा जोग. पुण्याचे, जन्म १८६७. आजन्म ब्रह्मचारी, तालमीत कमावलेलं शरीर, आणि राजकारणात लोकमान्यांच्या बाजूचे. तुकारामांच्या गाथेचा सार्थ म्हणजे अर्थासकट पाठ त्यांनी तयार केला, अमृतानुभवाचाही केला. म्हणजे ग्रंथ कुलपात ठेवण्यापेक्षा उघडून दाखवण्याकडे या माणसाचा कल आधीपासून होता (आजच्या भाषेत ओपन सोर्सवाले!).

१९१७ च्या गुढीपाडव्याला जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. चार वर्षांचा अभ्यासक्रम. गीता, ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, वेदान्तासाठी निश्चलदासांचा हिंदी 'विचारसागर', सोबत अभंगाच्या चाली, मृदंग, आणि प्रत्यक्ष कीर्तन-प्रवचन. फी नाही. मुलं गावात माधुकरी मागून जेवायची. कीर्तन विकू नये हा वारकऱ्यांचा जुना दंडक, त्यामुळे शिकून झाल्यावर पॅकेज वगैरे काही नाही :) संस्था सुरू करून तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, फेब्रुवारी १९२० मध्ये, जोग महाराज गेले. पहिल्या बॅचची चार वर्षं पूर्ण झालेली त्यांना दिसलीही नाहीत.

तरी संस्था टिकली, कारण मागे शिकवणारी माणसं होती. त्यांतल्या दोघांबद्दल सांगतो. एक सोनोपंत दांडेकर. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे पुण्याच्या एस. पी. कॉलेजचे प्राचार्य, आणि गळ्यात तुळशीची माळ. १९५३ साली निघालेली त्यांची ज्ञानेश्वरीची आवृत्ती आजही घराघरात सापडते. दुसरे बंकटस्वामी, बीड जिल्ह्यातल्या नेकनूरचे. तेव्हा बीड, जालना हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात. आळंदीचं शिक्षण मराठवाड्यात पोचलं त्यात बंकटस्वामींचा वाटा फार मोठा. त्यांच्याकडे आळंदीला शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे भगवानबाबा, पाटोदा तालुक्यातल्या सुपे सावरगावचे, वंजारी समाजातल्या शेतकरी कुटुंबातले. तेच पुढे भगवानगडाचे संस्थापक झाले. नारळी सप्ताह गावोगाव नेला, मुलांना शाळेत घाला म्हणून आयुष्यभर सांगत राहिले.

जोग महाराजांनी काय केलं ते या एका साखळीत दिसतं. पुण्याचे जोग, नेकनूरचे बंकटस्वामी, सावरगावचे भगवानबाबा. ना एक जात, ना एक घराणं. धीर द्यायचा अधिकार रक्तातून येत होता, तो अभ्यासातून यायला लागला.

आता थोडं लांब जाऊ. आळंदीत शिकलेला कीर्तनकार हजारोंशी बोलू शकतो, पण मघाच्या त्या घरी बसलेल्या एकट्याचं काय, यासाठी अमेरिकेतल्या एका माणसाची गोष्ट उपयोगी पडते.

अँटन बॉयसन नावाचा धर्मोपदेशक १९२० मध्ये स्वतःच मनोरुग्णालयात भरती झाला. मनाचा तोल पूर्ण सुटलेला. बरा होताना त्याच्या लक्षात आलं, की इथे डॉक्टर येतात, रविवारी पाद्री येऊन प्रवचन देऊन जातात, पण माझ्या डोक्यात काय चाललंय ते कोणी विचारत नाही. १९२५ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या सरकारी मनोरुग्णालयात त्यानं धर्मशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांना आणलं. त्याचं म्हणणं असं, की पुस्तकं वाचता तसाच जिवंत माणूसही ग्रंथासारखा वाचायला शिका. पुढे १९३० च्या दशकात रसेल डिक्स यानं यात एक भन्नाट पद्धत आणली. विद्यार्थ्यानं रुग्णाशी झालेलं बोलणं शब्दन् शब्द आठवून लिहायचं, आणि मग ते गटात वाचून चिरफाड करायची. इथे तू त्याला मध्येच का तोडलंस? इथे तो रडकुंडीला आला आणि तू विषय का बदललास? आपलं कोड रिव्ह्यू म्हणजे यापुढे लाड आहेत!

आज तिकडे हॉस्पिटलात आध्यात्मिक आधार देणारा माणूस व्हायचं तर साधारण मास्टर्स डिग्री लागते आणि वर चारशे तासांचं एक, अशी या प्रशिक्षणाची चार युनिट्स.

म्हणजे आठ वर्षांच्या फरकानं दोन अभ्यासक्रम सुरू झाले. आळंदीत बोलायला शिकवणारा, वूस्टरला ऐकायला शिकवणारा. आळंदीची यादी परत बघा. ग्रंथ, चाली, मृदंग, निरूपण. सगळी वाट समुदायापुढे उभं राहण्याकडे जाते. १९१७ साली तेच हवं होतं. खेड्यात पुस्तक नव्हतं, शाळा नव्हती. ज्ञानोबा-तुकोबा लोकांपर्यंत न्यायला बोलणारी माणसंच हवी होती. आणि कीर्तनानं मनं सावरत नाहीत असं कोणी म्हणू नये. माळ घातलेला माणूस दारू सोडतो, वारीला जातो, चार लोकांत येतो. यातलं 'चार लोकांत येतो' हे फार मोठं औषध आहे.

पण ऐकणं आपल्या परंपरेला परकं आहे का? मला नाही वाटत. नवविधा भक्तीत पहिलं श्रवण येतं, कीर्तन दुसऱ्या नंबरावर. तिथे श्रवण हरिकथेचं आहे हे मान्य. मग आळंदीच्या विद्यार्थ्याची गीताच घ्या. पहिला अध्याय ४७ श्लोकांचा. अर्जुन कोसळलाय, हात थरथरतायत, तोंड कोरडं पडलंय, तो बोलत सुटलाय. या अख्ख्या अध्यायात कृष्ण किती बोलतो? जेमतेम एक वाक्य, तेही अर्जुन कोसळायच्या आधी, समोर जमलेले कौरव बघ एवढंच. अर्जुनाचं बोलून पूर्ण होईपर्यंत जगातला सगळ्यात मोठा उपदेशक गप्प आहे. पुढचे सतरा अध्याय त्यानंतर.

ऐकणं शिकवता येतं याचे पुरावे आपल्या जवळपासच आहेत. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर आलेली माणसंच समुपदेशक म्हणून तयार झाली. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, त्यात गावातल्याच साध्या लोकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं. २०१७ मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्के झाले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेला दुसरी गावं नव्हती, त्यामुळे हे सगळं श्रेय प्रकल्पाचंच असं म्हणता येणार नाही, तरी दिशा स्पष्ट आहे. २०१५ पासून सरकारनं 'प्रेरणा' प्रकल्प आणला. चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी, त्यात जालनाही होता, आणि आशाताईंनी घरोघरी जाऊन विचारपूस करायची अशी योजना.

आता माझं म्हणणं. मराठवाड्यातल्या गावात सायकियाट्रिस्ट पोचायला किती वर्षं लागतील कोण जाणे, पण सप्ताहाला बुवा येतातच. सात दिवस गावात मुक्काम असतो. लोकांचा त्यांच्यावर विश्वास असतो. कीर्तन संपल्यावर कोणीतरी घुटमळत मागे राहतो, त्याला काहीतरी बोलायचं असतं. त्या क्षणी बुवांनी लगेच दृष्टांत सुरू केला तर तो माणूस मान डोलावून घरी जाईल. पंधरा मिनिटं गप्प बसून ऐकलं, "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारलं, आणि सकाळी सोबत डॉक्टरकडे गेले तर गोष्ट वेगळी होईल. हे कुठल्याही चार वर्षांच्या कोर्समध्ये एखाद्या सत्रात बसेल असं शिक्षण आहे. जोग महाराजांनी आपल्या काळातली उणीव ओळखून सिलॅबस बनवला. आजची उणीव ही आहे.

तोपर्यंत एक नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. १४४१६, टेली मानस. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकार चालवतंय, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी नसेल तर ऑफिसमधल्या शेजारच्या डेस्कसाठी असू द्या. आपल्याकडेही तो एकटा बसलेला असतोच, फक्त कानात हेडफोन असतात म्हणून कळत नाही.