हाताच्या मापाची मूठ

युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकाला भेट म्हणून द्यावयाची मासेमारीची काठी कशी असावी, हा प्रश्न वरवर पाहता हौशी मंडळींचा वाटतो. प्रत्यक्षात तो हाताच्या रचनेचा, पुनर्वसनाचा आणि काही अंशी शिष्टाचाराचाही आहे. अशी भेट देण्याची प्रथा अमेरिकेत चांगलीच रुजली आहे. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेले जखमी जवान वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात उपचार घेत असताना, २००५ मध्ये नौदलाचे निवृत्त कॅप्टन एड निकल्सन यांनी त्यांच्यासाठी ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ हा उपक्रम सुरू केला. फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसे आणि दोरा यांपासून बनवलेल्या कृत्रिम माशीचे आमिष वापरून केलेली मासेमारी, जवानांना शिकवणे हा त्याचा गाभा. काठी स्वतः बांधण्याचे शिक्षणही त्यात दिले जाते. सुटे भाग आणून घरी काठ्या बांधणारे कारागीर तेथे पुष्कळ आहेत आणि जवानासाठी खास काठी बांधून ती भेट देणे हा त्यांच्यातला मानाचा रिवाज आहे.

मुठीचे महत्त्व

काठीचा मुख्य भाग म्हणजे कार्बन तंतूंचा निमुळता पोकळ दांडा. तो कारखान्यातून तयार येतो. दोर ओवण्याच्या कड्या किती अंतरावर बसवायच्या, याची कोष्टके असतात. रीळ बसवण्याची बैठकही विकत मिळते. कारागिराला खऱ्या अर्थाने स्वतः घडवता येते ती मूठ. आणि माणसाचा हात काठीला लागतो तोही तेथेच.

फ्लाय फिशिंगमध्ये आमिषाला वजन नसते, वजन दोराला असते. तो दोर मागे-पुढे झुलवून पाण्यावर अलगद टाकावा लागतो. दिवसभरात ही क्रिया शेकडो वेळा घडते. धडधाकट माणूस थोडी गैरसोयीची मूठही चालवून घेतो. ज्याची दोन बोटे गेली आहेत किंवा मनगटाचे स्नायू दुबळे झाले आहेत, त्याला ती अर्ध्या तासात काठी खाली ठेवायला लावते. मग भेट मिळालेली सुंदर काठी भिंतीवर जाते आणि आपल्याला काय जमत नाही याची रोज आठवण करून देते. भेट देणाऱ्याला टाळायचे असते ते नेमके हेच.

बूच आणि फोम

मुठीसाठी जुने आणि आजही मानाचे साहित्य म्हणजे बूच. पोर्तुगाल व स्पेनमधील कॉर्क ओक वृक्षाची साल साधारण नऊ वर्षांनी एकदा काढतात. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. बूच हलके असते, ओल्या हातातून निसटत नाही आणि थंडीतही गार लागत नाही. अर्धा इंच जाडीच्या चकत्या एकमेकींना चिकटवून मूठ तयार होते. सात इंचांच्या नेहमीच्या मुठीला अशा १४ चकत्या लागतात. चिकटवलेला ठोकळा लेथवर फिरवून पॉलिश पेपरने घासतात. धारदार हत्याराने बूच फाटते, म्हणून आधी जाड आणि मग बारीक कागद वापरतात.

दुसरे साहित्य ईव्हीए फोम. तो मऊ असतो, पाणी शोषत नाही आणि जाड मुठीसाठी सोयीचा पडतो. मात्र काळा फोम उन्हात बराच तापतो. भाजल्यामुळे ज्याची त्वचा नाजूक झाली आहे, त्याच्यासाठी फिकट रंगाचा फोम किंवा बूच निवडावे.

आधी माप, मग आकार

बाजारातील फ्लाय रॉडची मूठ मध्यभागी सुमारे एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाची असते. जोर लावून धरायच्या हत्यारांसाठी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था ‘नायॉश’ हिने सव्वा ते दोन इंच व्यासाची मूठ सुचवली आहे. पकड दुबळी असेल तर काहीशी जाड मूठ सोपी जाते, कारण बोटे पूर्ण मिटावी लागत नाहीत. बॅटच्या दांड्यावर दुसरी ग्रिप चढवून घेणाऱ्या क्रिकेटपटूंना हे अनुभवाने ठाऊक असते. पण जाडीलाही मर्यादा आहे. बोटे मुठीला पुरेसा वेढा घालू शकली नाहीत, तर पकड पुन्हा सैल होते.

हा निर्णय चकत्या चिकटवण्यापूर्वीच घ्यावा लागतो. नेहमीच्या चकतीचा व्यास सव्वा इंच असतो. घासून मूठ बारीक करता येते, जाड करता येत नाही. म्हणून वेगवेगळ्या जाडीचे फोमचे नमुने एखाद्या साध्या दांड्यावर चढवून जवानाच्या हातात द्यावेत आणि काठी झुलवण्याची क्रिया काही वेळ करायला सांगावी. पकडीचा ठसा हवा असल्यास मऊ माती दांड्यावर थापून ती दाबायला सांगितली की कोणते बोट कोठे बसते हे स्पष्ट दिसते. व्यवसायोपचार तज्ज्ञाचा सल्ला घेता आला तर उत्तमच.

दुखापतीनुसार बदल

बोटे अंशतः गेली असल्यास उरलेल्या बोटांसाठी उथळ खोबण ठेवतात. खोबण फार खोल केली तर हात एकाच जागी जखडतो आणि लवकर दुखू लागतो. पकड सैल असल्यास दोन्ही टोकांशी फुगीर असलेला ‘फुल वेल्स’ आकार सोयीचा. पुढच्या फुगवट्यावर अंगठ्याला टेकू मिळतो, मागच्या फुगवट्यामुळे हात घसरत नाही. दोन्ही टोकांशी निमुळता ‘सिगार’ आकार दिसायला देखणा, परंतु अशा हाताला तो कमी आधार देतो. बोटे मिटतच नसतील तर तळव्याभोवती वेल्क्रोचा पट्टा देऊन काठी हाताला बांधता येते. मात्र तो पट्टा दुसऱ्या हाताने किंवा दातांनी झटकन सुटला पाहिजे. पाण्यात तोल गेल्यास काठी हाताला अडकून राहणे धोक्याचे असते.

कृत्रिम हाताच्या टोकाला धातूचा आकडा असेल तर बूच त्याखाली खचते. तेवढ्या जागी लाकडाचे किंवा कठीण रबराचे कडे बसवावे. एकाच हाताने मासेमारी करणारा काठीचे बूड छातीवरच्या किंवा कमरपट्ट्याच्या खोबणीत टेकवून रीळ फिरवतो. तेव्हा बुडाचा आकार त्या खोबणीशी जुळवून घ्यावा लागतो. दृष्टी अधू असल्यास अंगठ्याच्या जागेजवळ दोऱ्याचा उंचवटा गुंडाळावा, म्हणजे काठी कोणत्या बाजूने धरली आहे हे स्पर्शाने कळते. यातल्या प्रत्येक बदलाने वजन थोडे वाढते आणि समतोल बिघडू शकतो. म्हणून मूठ पक्की चिकटवण्यापूर्वी रीळ लावून काठी हातात तोलून पाहावी.

सन्मानाची खूण

अशा काठीवर सैनिकाचे नाव, त्याच्या पलटणीचे रंग किंवा पदकाच्या फितीचे रंग दोऱ्याने गुंफण्याची प्रथा आहे. युद्धात जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकाला ‘पर्पल हार्ट’ पदक मिळते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८२ मध्ये सुरू केलेल्या सन्मानचिन्हाचा तो १९३२ मध्ये पुन्हा सुरू झालेला अवतार. योगायोगाने ‘पर्पलहार्ट’ याच नावाचे जांभळे लाकूड मध्य व दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत मिळते आणि रिळाच्या बैठकीत ते आवडीने वापरले जाते. ताजे कापलेले हे लाकूड तपकिरी असते. हवा-प्रकाशात जांभळे होते आणि फार ऊन लागले तर पुन्हा काळपट पडते. म्हणून त्यावर अतिनील किरण रोखणारा लेप देतात.

येथेही विचारून घेणे बरे. काहींना पदकाचा अभिमान असतो, तर काहींना नदीवर गेल्यावर युद्धाची आठवण नको असते. त्याला गावच्या नदीचे किंवा मुलीचे नाव अधिक प्रिय असू शकते. सजावट हाताच्या पकडीपासून दूर, मुठीच्या पुढच्या दांड्यावर ठेवावी. मुठीवर उंचसखल नक्षी केल्यास ती तळव्याला बोचते.

मूठ देऊन झाली की काम संपले, असे मानू नये. शस्त्रक्रिया, नवा कृत्रिम हात किंवा स्नायूंत परत आलेले बळ यांमुळे माप बदलते. काही महिन्यांनी काठी परत मागवून मूठ घासून देण्याची किंवा नवी चढवण्याची तयारी भेटीसोबतच कळवावी. मळलेली, घामाने काळवंडलेली मूठ परत आली, तर माप बरोबर जमले होते असे कारागिराने खुशाल समजावे.