नाव, क्रम आणि शिरगणती

ठाकूरद्वारच्या एखाद्या चाळीत वीस नंबरच्या खोलीत राहणारा गृहस्थ दहा नंबरवाल्याच्या दुप्पट मोठा, असे आपणांपैकी कोणी मानीत नाही. तेथे आकडा नावाचे काम करतो. परीक्षेतला पहिला-दुसरा क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. कुलाबा वेधशाळेतले तापमान अंतर सांगते. तरी तीस अंशांचा दिवस पंधरा अंशांच्या दुप्पट उष्ण नव्हे, कारण तेथले शून्य सोयीने ठेवलेले. वजनाचे शून्य खरे असते, म्हणून दोन मण एका मणाच्या दुप्पट. मोजमापाच्या या चार पायऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मांडल्या.

त्याआधी पंचेचाळीस वर्षे आपल्याकडे पहिल्या दोन पायऱ्यांची गल्लत झाली, आणि ती सरकारी हुकमाने झाली. १९०१ च्या शिरगणतीत मोजणीदार घरोघर जातीचे नाव लिहून घेत. आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी ठरविले की, ही नावे वर्णानुक्रमाने न मांडता लोकमतानुसार श्रेष्ठ-कनिष्ठ अशी लावावी. मुंबई इलाख्याचे काम आर. ई. एन्थोव्हेन यांच्याकडे होते. पण लोकमत म्हणजे कोणाचे? कोकणातले की देशावरले? वर बसलेल्यांचे की खाली बसविलेल्यांचे? उतरंड सरकारी छापखान्यातून निघणार म्हटल्यावर जो तो वरच्या जागेसाठी अर्ज करू लागला. १९११ मध्ये हा क्रम वगळला, तरी एकट्या बंगालात त्या वेळी आलेल्या अर्जांचे वजन दीड मण भरले. (या प्रकरणात तराजूवर चढले ते एवढेच!)

रिस्ले यांनी नाकेही मोजविली होती. नाक जितके अरुंद तितकी जात वरची, हा त्यांचा सिद्धान्त. मोजपट्टीचा आकडा खरा. पण तो ज्या उतरंडीशी जुळवायचा तीच मानलेली! मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकविणारे, मूळ मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तशाच मापांवरून दाखविले की, उत्तर हिंदुस्थानाबाहेर, अगदी महाराष्ट्रातही, हा मेळ बसत नाही. १९०१ च्या उतरंडीने जातिभावना चेतविली, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

सर्व जातींची कोष्टके शेवटची छापली गेली ती १९३१ च्या शिरगणतीत. २०२५ साली केंद्र सरकारने पुढील शिरगणतीत जात पुन्हा नोंदविण्याचे ठरविले. नोंद जरूर व्हावी. कोणाच्या वाट्याला काय आले हे मोजल्यावाचून कळणार नाही. कोष्टके मात्र वर्णानुक्रमानेच छापावीत, असे आम्हांस वाटते.