विषारी कंदाची गोष्ट

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

अ‍ॅमेझॉनच्या जंगलात फिरून आले असं सांगितलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. अनाकोंडा दिसला का? आणि तिथे खाल्लंत काय? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ एवढंच आहे. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र मला पाचशे वर्षं मागे जावं लागतं, आणि तिथून थेट आपल्या उपासाच्या ताटाशी यावं लागतं.

पाठीवर सॅक टाकून मी ब्राझीलमधल्या बेलें या शहरात उतरले. अ‍ॅमेझॉनच्या मुखाकडचं हे जुनं पोर्तुगीज बंदर. संध्याकाळी रस्त्यावरच्या गाडीवर काळ्या तुंब्याच्या वाटीत ‘ताकाका’ मिळतं. पिवळा आंबट रस्सा, त्यात चिकट खळ, सुकी कोळंबी आणि ‘जांबू’ नावाचा पाला. हा पाला चावला की आपल्या अक्कलकाढ्यासारखी जीभ बधिर होते. चार घोटांनंतर आपण काय पितोय हे ओठांना कळेनासं होतं, तरी वाटी खाली ठेववत नाही.

तो रस्सा आणि ती खळ, दोन्ही एकाच कंदाची. त्याचं नाव कसावा. ब्राझीलमध्ये त्याला ‘मांदिओका’ म्हणतात. त्याचा पालासुद्धा ‘मनिसोबा’ या पदार्थात जातो. पण आधी तो जवळजवळ आठवडाभर शिजवायचा. कारण कंद विषारी आणि पालाही विषारी. चिरडल्यावर त्यातून सायनाइड सुटतं.

बेलेंहून मनाउसपर्यंत बोटीने प्रवाहाविरुद्ध पाच दिवस लागतात. डेकवर आपापली झोळी टांगायची आणि तिच्यातच झोपायचं. जेवणात भात, घेवडा, मासा, आणि प्रत्येक घासावर ‘फारिन्या’, म्हणजे कसाव्याचं भाजलेलं पीठ. पीठ म्हणजे जाड रवाच, दाताखाली कडकड वाजणारा. बोटीवरची माणसं तो दुरून नेम धरून तोंडात टाकत. एक कण सांडत नसे. माझा निम्मा झोळीत जाई.

हे पीठ कसं होतं ते मनाउसच्या वर, रिओ नेग्रो नदीकाठच्या एका गावात पाहिलं. कंद काही दिवस पाण्यात भिजत ठेवतात. मऊ झाले की सोलून किसतात. ओला कीस ‘टिपिटी’त भरतात. ही वेताची विणलेली लांब पिशवी, हातभर रुंद नाही पण उंची पुरुषभर. वरचं टोक आढ्याला टांगायचं, खालच्या कडीत बांबू अडकवायचा आणि बांबूवर बसायचं. पिशवी ताणली जाते तशी विणीमुळे आतून आवळत जाते आणि विषारी पाणी खाली ठिबकतं. एक खिळा नाही, स्क्रू नाही. उरलेला चोथा मोठ्या तव्यावर भाजला की उरलंसुरलं विषही उडून जातं. पिळलेलं पाणी फेकत नाहीत. त्यातली खळ खाली बसते, तो टॅपिओका. वरचं पाणी भरपूर उकळलं की तोच बेलेंचा पिवळा रस्सा.

इतका खटाटोप करण्यापेक्षा गोडा कसावा का लावत नाहीत? गोडाही लावतात, पण कडू जातीला कीड आणि जनावरं कमी लागतात, आणि पीठ महिनोन्‌महिने टिकतं. विष हेच त्या पिकाचं कुंपण. हे कोणी शोधलं त्याची नोंद नाही. हा कंद हजारो वर्षांपूर्वी अ‍ॅमेझॉनच्या नैर्ऋत्य भागात लागवडीखाली आला, एवढं माहीत आहे. किसणं, पिळणं, भाजणं हे काम आजही तिथे मुख्यतः बायकांचं असतं.

नोंद सुरू होते 1500 सालापासून. हिंदुस्थानकडे निघालेला काब्रालचा ताफा ब्राझीलला लागला आणि मग कालिकतला आला. ताफ्यातल्या लेखनिकाने राजाला पत्र लिहून कळवलं, की इथले लोक एक कंद खातात. पुढे पोर्तुगीजांनी हेच पीठ गुलाम नेणाऱ्या जहाजांवर शिधा म्हणून भरलं आणि कसावा आफ्रिकेत रुजवला. (आपले अननस आणि काजू हे शब्द तिथल्याच तुपी भाषेतले, पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलेले. टॅपिओकाही तुपीच.)

रोप समुद्र ओलांडून गेलं. ज्ञान त्याच्याबरोबर तेवढं नीट गेलं नाही. आफ्रिकेतल्या लोकांनी भिजवण्या-वाळवण्याच्या स्वतःच्या रीती बसवल्या, पण अडचणीच्या काळात त्या आखूड होतात. 1981 साली मोझांबिकच्या नांपुला प्रांतात दुष्काळ पडला. भुकेल्या लोकांनी कडू कसावा पुरता न वाळवताच खाल्ला आणि हजाराहून जास्त माणसांचे, त्यात बरीच मुलं आणि बायका, पाय कायमचे लुळे पडले. या रोगाला ‘कोंझो’ म्हणतात.

भारतात हा कंद त्रावणकोरमध्ये रुजला. 1880 ते 1885 या काळात राज्य केलेल्या महाराजा विशाखम तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. आपला साबुदाणा पूर्वी आग्नेय आशियातल्या सागो माडाच्या गाभ्यापासून होई. दुसऱ्या महायुद्धात तिकडची आयात थांबली आणि तमिळनाडूत सेलमला कसाव्याच्या खळीपासून दाणे पाडायला सुरुवात झाली. नाव माडाचं राहिलं, दाणा अ‍ॅमेझॉनच्या कंदाचा आला. एकादशीच्या ताटातला बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि मिरचीही अमेरिकेचीच. आपल्या धर्मशास्त्राने ही मंडळी इतक्या सहज आत कशी घेतली, याचं मला कौतुक वाटतं.

इतिहासाच्या पुस्तकांत काब्राल सापडतो, महाराजा सापडतो. रिओ नेग्रोच्या शेतकरी बायका एकेका शेतात कसाव्याच्या अनेक जाती राखतात, सुनेला-लेकीला कलमं देतात. ही शेतीची पद्धत ब्राझील सरकारने 2010 मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवली. तरुण मुलं मात्र शहराकडे निघाली आहेत, आणि टिपिटी विणायला वेळ लागतो.

त्या गावात तव्यापाशी बसलेल्या आजींना मी दुभाष्यामार्फत साबुदाण्याची खिचडी समजावून सांगितली. दाण्याचं कूट त्यांना पटलं. मग त्यांनी विचारलं, एवढी खळ काढता, तर ते पाणी कुठे जातं? सेलमच्या कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दलच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी मी वाचल्या होत्या, त्या सांगितल्या. “उकळत नाहीत?” त्यांनी विचारलं, आणि पिवळ्या रस्स्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं.